हरताळाच्या दिवशीचा डाव

लालबागच्या आमच्या खोलीत मोठ्यानं बोलायची रीत होती. भांडण नसायचं, राग नसायचा, पण 'मीठ घ्या' हेसुद्धा आई अशी ओरडून सांगायची की नवं माणूस दचकावं. कारण बाबा. गिरणीत साच्यांवर उभं राहून राहून त्यांचे कान गेले होते. शेकडो माग एका छताखाली खडखडत असतात, तिथं माणूस ऐकणं सोडून देतो आणि ओठ वाचायला शिकतो. घरीसुद्धा बाबा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचे. लहानपणी मला वाटायचं, यांच्याशी कुणाला खोटं बोलता येणार नाही. कानाला फसवता येईल, डोळ्यांना कसं फसवणार? पुढे मी ते केलं. एकदाच, आणि एकाच शब्दात. त्या शब्दाबद्दल आजवर मी कुठं काही लिहिलेलं नाही. आता लिहिते, कारण त्यावर हरकत घेईल असं माझ्या त्या घरातलं कुणी उरलेलं नाही.

आम्ही घरात चौघं. आई, बाबा, दादा आणि मी. दादाचं नाव वसंत, पण आई त्याला मालवणीत 'झिला', म्हणजे मुला, असंच म्हणायची. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. ड्रॉइंगचा कोर्स करून म्युनिसिपालिटीच्या ड्रेनेज खात्यात ट्रेसर म्हणून लागला होता. गटारांचे नकाशे मेणकापडावर उतरवून काढायचे, हे त्याचं काम. हात इतका स्थिर की आई त्याच्याकडून सुईत दोरा ओवून घ्यायची. रविवारी आमच्याकडे बांगड्याचं तिखलं असायचं. तिरफळांचा वास जिन्यापर्यंत यायचा आणि दादा जिन्यातूनच ओरडायचा, "आई, माझा शेपटीकडचा!" सगळी मुलं मधला तुकडा मागतात, हा शेपटीकडचा मागायचा, कारण मधला मला मिळावा. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, त्याला शेपटीच आवडते.

त्याच्या खात्याच्या पंपिंग स्टेशनमागे, वरळीला, खाजणात भराव घालून केलेलं एक मैदान होतं. कधीकाळी गोऱ्या इंजिनिअरांनी तिथं स्वतःच्या करमणुकीसाठी गोल्फचे नऊ होल खणून घेतले होते. साहेब गेले आणि म्युनिसिपालिटीनं ते सगळ्यांना खुलं केलं. चार आण्यांचं तिकीट काढायचं, खोपटातून दोन काठ्या आणि एक जुना बॉल घ्यायचा आणि नऊ होलांचा डाव खेळायचा. जितके कमी फटके, तितका डाव चांगला. आज गोल्फ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हिरवा गालिचा येतो. आमच्या वरळीत गवत पावसाळ्यापुरतं. बाकीचे आठ महिने मुरूम, खारट माती आणि गटाराचा वास. शेवटी बॉल ज्यात पाडायचा ती जागा म्हणजे तेल घालून चोपलेल्या वाळूचं काळपट वर्तुळ, आणि मध्ये पुरलेला वनस्पती तुपाचा रिकामा डबा. बॉल आत पडला की टण् असा आवाज व्हायचा. रस्त्याच्या कामावर धोक्यासाठी लावतात त्या लाल फडक्यांचे झेंडे. रामजी नावाचा म्हातारा माळी फळी घेऊन फिरायचा आणि प्रत्येक खेळाडूमागून वाळूवरच्या पावलांच्या खुणा पुसून टाकायचा.

दादाला या खेळाचं वेड लावलं दामू कांबळ्यानं. दामू त्याच्याच खात्यात, त्याच्याच टेबलावर ट्रेसर, राहायला वरळीच्या बीडीडी चाळीत. पुढे त्याच्या घरच्यांनी बौद्ध धर्म घेतला. तेव्हा घरातले देव काढून त्यानं स्वतः समुद्रात सोडले. दामू कमी बोलायचा आणि लांब मारायचा. दादा जास्त बोलायचा आणि वाकडं मारायचा. दोघं आमच्या खोलीवर आले की आई दामूला चहा द्यायची, पण वेगळ्या कपात. तो कप खिडकीच्या कट्ट्यावर पालथा ठेवलेला असायचा. दामू आपणहून तो उचलायचा, चहा झाल्यावर स्वतः विसळायचा आणि होता तसा पालथा ठेवायचा. आई वाईट नव्हती. पण त्या कपाबद्दल आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही, मीसुद्धा नाही, हे इथं लिहून ठेवते.

बाबांना तो खेळ मुळीच पसंत नव्हता. ते युनियनचे माणूस, चाळीच्या समितीत पुढे. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे त्यांच्या तोंडून दिवसातून दहा वेळा निघायचं आणि ऐकू येत नसल्यामुळे ते फारच मोठ्यानं निघायचं. मुलगा रविवारचा सभेला यायचा सोडून काठी घेऊन माळरानावर फिरतो, हे त्यांना लाजिरवाणं वाटायचं. "शिकललो झील आणि साहेबांचो विटीदांडू खेळता," ते आईला सांगायचे. दादा हसून त्यांच्यासमोर तोंड नेऊन सावकाश म्हणायचा, "साहेब गेले बाबा. आता आपलाच विटीदांडू."

मला तो बरोबर न्यायचा. मी मॅट्रिकच्या वर्गात होते. रविवारी मैदानावर पाच-सात पारशी म्हातारे आणि एक गोवेकर बँडमास्तर असायचे, त्यांच्यासमोर मुलीनं काठी उचलणं बरं दिसत नव्हतं. मी झेंडा धरायची आणि फटके मोजायची. सगळे लांब गेले की दादा चटकन काठी माझ्या हातात द्यायचा. "हळू. बॉलकडे बघ. तो कुठं जाणार त्याची काळजी तू करू नकोस." पहिल्यांदा काठी बॉलवर बरोबर बसली तेव्हा हाताला काही लागल्यासारखंच वाटलं नाही. नुसता एक टक्क आवाज, आणि बॉल आपला आपण निघून गेला. त्या रात्री मी झोपेत हसत होते, असं आई सांगायची.

तेव्हापासून मी दादाच्या मागे लागले होते. मला एकदा सगळा डाव खेळायचा होता, पहिल्यापासून नवव्यापर्यंत, झेंडा न धरता. तो म्हणायचा, "मैदान रिकामं मिळू दे, मग."

ते हरताळाच्या दिवशी मिळालं. त्या वेळी शहर धुमसत होतं. गिरण्या बंद, दुकानं बंद, रस्त्यावर ट्रामसुद्धा नाही. भोंगा वाजला नाही म्हणून चाळीतले म्हातारे पहाटे उगाच जागे होऊन बसले होते. बाबा सकाळीच समितीच्या लोकांबरोबर मोर्चाला निघाले. जाताना दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "परळच्या लोकांवांगडा ये." त्यांच्याबरोबर येतो, अशी दादानं मान डोलावली. बाबा जिना उतरल्यावर मी म्हटलं, "दादा, आज मैदानावर चिटपाखरू नसणार." तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मोर्चा काय संध्याकाळपर्यंत चालेल. लवकर खेळू, मग मी तिकडून जातो." हे त्यानं खरंच म्हटलं होतं. इतक्या वर्षांत मी पुष्कळ गोष्टी मनात फिरवून फिरवून झिजवल्या, पण हे वाक्य मी बनवलेलं नाही.

आम्ही चालत वरळीला गेलो. दामू येऊन थांबला होता. रामजी माळ्यानं कपाळाला हात लावला, पण तिकिटं फाडली. आणि मी खेळले. चौथ्या होलपर्यंतच माझे इतके फटके झाले की दादानं मोजणं सोडून दिलं. वारा समुद्रावरून येत होता. दादा माझ्या मागे उभा राहून "हळू... हळू..." म्हणत होता, दामू लांब जाऊन माझे हरवलेले बॉल शोधून आणत होता. तिथवरच्या माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची सकाळ होती.

आठवा होल संपला तेव्हा लोअर परळच्या बाजूनं आवाज यायला लागला. आधी वाटलं घोषणा आहेत. मग तो आवाज फुटला, माणसं पळायला लागल्यावर होतो तसा. रामजी फळी टाकून धावत आला. "घरी जावा बाबांनो. तिकडं काहीतरी झालंय." दामू म्हणाला, "वसंता, निघू या." दादानं काठ्या गोळा केल्या. आणि मी म्हटलं, "एकच राहिलाय, दादा."

त्यानं आधी परळकडे बघितलं, मग माझ्याकडे. हसला. "चल. एकच."

नववा होल खेळायला दहा मिनिटं लागली असतील, फार तर पंधरा.

बीडीडी चाळीपाशी दामू म्हणाला, "आमच्याकडेच थांबा. शांत झालं की जा." दादा म्हणाला, "आई एकटी आहे घरी." आम्ही पूल ओलांडून लोअर परळला उतरलो. गल्ली रिकामी होती. इतकी रिकामी गिरणगावातली गल्ली मी कधी बघितली नव्हती, गॅलऱ्यांतूनही कुणी डोकावत नव्हतं. मग टोकाकडून माणसं पळत आली. एका बंद वाण्याच्या दुकानाची फळी कुणीतरी आतून सरकवली आणि माझा हात धरून मला आत ओढलं. मी म्हटलं, "माझा भाऊ." फळीच्या फटीतून मला दादा दिसत होता. तो पळत नव्हता. एक म्हातारा पडला होता, त्याला तो उठवत होता. दोन आवाज झाले. गोळी कुठून आली ते मला कधीच कळलं नाही. दादा म्हाताऱ्याशेजारी बसला, दमल्यासारखा. मग आडवा झाला.

हॉस्पिटलात तो संध्याकाळपर्यंत होता. शुद्धीवर आला नाही. बाबा पोहोचले तेव्हा सगळं संपलं होतं. व्हरांड्यात गर्दी होती, समितीचे लोक होते, कुणी रडत होतं, कुणी घोषणा देत होतं. बाबा माझ्यासमोर उभे राहिले आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागले. "फुडे होतो काय मागे?" त्यांनी विचारलं.

मोर्चात तो पुढे होता की मागे. तेवढंच त्यांना हवं होतं. मोर्चात होता का, हे त्यांनी विचारलंच नाही.

मी म्हटलं, "पुढे."

बाबांनी तो शब्द माझ्या ओठांवरून उचलून घेतला. त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. दुःख तर होतंच, पण त्याच्याखाली कुठंतरी त्यांना आधार मिळाला. पडणाऱ्या माणसाच्या हाताला कठडा लागावा तसा. तो कठडा काढून घ्यायचं धाडस मला त्या दिवशी झालं नाही, आणि पुढे तर दिवसागणिक ते अवघड होत गेलं. चाळीनं दादाचा फोटो मोठा करून घेतला. हुतात्मा वसंत. बायका माझ्याजवळ येऊन विचारायच्या, तू होतीस ना गं बरोबर, कसा होता तो? मी मान खाली घालायची आणि त्यांना ते पुरायचं.

आमच्या घरी येणाऱ्यांत खरं माहीत असलेलं दुसरं माणूस एकच, दामू. बाराव्याला तो आला आणि जिन्यात मला म्हणाला, "शालन, तू जे सांगशील त्याला मी हो म्हणेन. तू काही सांगणार नसशील तर मीही काही बोलणार नाही." मग तो आत येऊन बसला. आईनं चहा केला. दामू सवयीनं खिडकीच्या कट्ट्याकडे हात नेत होता, तेवढ्यात आईनं दादाचा कप त्याच्यासमोर ठेवला. दामूला तो चहा संपवायला फार वेळ लागला.

त्यानंतर आमच्या घरात शांतता आली. तशी शांतता त्या खोलीत कधी नव्हती, कारण ओरडून बोलायचं तर आधी बोलावं लागतं. रविवारी तिखलं व्हायचं, पण शेपटीचा तुकडा भांड्यातच राहायचा आणि सोमवारी आई तो मांजरीला घालायची. मला मात्र आवाज येत राहायचे. नळावर पाणी भरताना, शाळेत फळ्याकडे बघताना मागून कुणीतरी "हळू... हळू..." म्हणायचं. मी वळायची नाही. वळलं की तो थांबतो, हे मला लवकरच कळलं होतं, आणि तो थांबावा असंही मला वाटत नव्हतं.

काही महिन्यांनी आई म्हणाली, "गो चेडवा, तुझो बापूस आयतवारी खंय जाता, बघ जरा. चपलांक खारी माती लागलेली असता." पुढच्या रविवारी मी बाबांच्या मागून गेले. ते लालबागहून सरळ चालत वरळीला पोहोचले. मैदानावर. मी कुंपणाच्या बाहेर उभी राहिले. बाबा धोतराचा सोगा खोचून, हातात एक काठी घेऊन पहिल्या होलपाशी उभे होते. त्यांनी बॉल मारला, वेडावाकडा. मग काठी काखेत धरून ते बाजूला सरकले आणि थांबले. दुसऱ्या कुणाला खेळायला जागा द्यावी तसे. तेवढा वेळ गेला, मग चालायला लागले. प्रत्येक फटक्यानंतर तसंच.

रामजी कुंपणापाशी आला. हलक्या आवाजात म्हणाला, "पोरी, तुझे बाबा दर वेळी दोन तिकिटं काढतात. मी पहिल्यांदा म्हटलं, दुसरं कुणाचं? ते म्हणाले, येता तो मागसून."

मी आत गेले. बाबांनी मला बघितलं, पण त्यांना आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. मी खोपटाशी ठेवलेलं दुसरं तिकीट उचललं तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "ह्यां तुझां न्हय," ते म्हणाले आणि माझ्यासाठी तिसरं काढलं.

मग आम्ही खेळायला लागलो. तीन तिकिटं, दोन माणसं. पारशी म्हातारे आधी बघायचे, मग बघेनासे झाले. बाबांचे हात विणकराचे, तुटलेला धागा चालत्या मागावर जोडणारे. वर्षभरात ते दादापेक्षा चांगलं खेळायला लागले. वाळूच्या वर्तुळावर तर दहा पावलांवरून बॉल डब्यात. त्यांना तो टण् आवाज ऐकू यायचा नाही, म्हणून ते माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मी म्हणायची, "पडला." शाळा संपली, मी ट्रेनिंग कॉलेजात गेले, प्राथमिक शाळेत नोकरीला लागले, तरी रविवार चुकला नाही. मी सुखी होते असं म्हणणं खोटं होईल. पण आठवड्यात तेवढाच एक वेळ असा होता की दादाबद्दल न बोलता त्याच्याजवळ असता यायचं. नवव्याला मात्र मी मारलेला बॉल नेहमी नाल्यात जायचा. बाबा म्हणायचे, घाई करतंस.

आता वरळीला ते मैदान नाही. नातू टीव्हीवर परदेशातलं गोल्फ बघत बसतो. तिथले हिरवेगार डोंगर छान दिसतात. बॉल घरंगळत भोकाशी आला की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठते.

मुंबईसह महाराष्ट्र होणार हे नक्की झालं तेव्हा चाळीत दिवाळी झाली. समितीनं ठरवलं, राज्य स्थापनेच्या सकाळी आपल्या चाळीच्या दारावर नावांचा फळा लावायचा. समितीचे चिटणीस गुरव मास्तर घरी आले. बाबांसमोर बसून सावकाश म्हणाले, "फळ्यावर वसंताचं नाव पहिलं. आणि उद्घाटन तुमच्या हस्ते." बाबांनी हात जोडले. मास्तर माझ्याकडे वळले. "शालन, तू दोन शब्द बोल. तू प्रत्यक्ष बघितलंयस."

त्याच्या पुढचा रविवार. आम्ही तिसऱ्या होलवर होतो. वारा जोराचा होता. बाबा पुढे चालले होते आणि मी त्यांच्या पाठीकडे बघून म्हटलं, "बाबा, दादा मोर्चात नव्हता." अर्थातच त्यांना ते ऐकू गेलं नाही. मी पुढे धावले, त्यांचा दंड धरला आणि पुन्हा म्हटलं. उन्हामुळे त्यांचे डोळे बारीक झाले होते. त्यांना माझे ओठ नीट दिसेनात. "काय?" ते म्हणाले. "मोठ्यान बोल."

मग मी ओरडले. मैदानभर ऐकू जाईल असं ओरडले. "दादा मोर्चात नव्हता! तो इथं होता! माझ्याबरोबर खेळत होता! आम्ही घरी येत होतो!"

बँडमास्तर जागच्या जागी थांबले. लांबवर रामजीची फळी थांबली. बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले, माझं बोलून झाल्यावरही. मला वाटलं ते मारतील. त्यांनी मारलं असतं तर फार बरं झालं असतं.

"हयसर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"खंय उभो होतो तो? दाखय."

मी दाखवलं. आम्ही परत पहिल्या होलशी गेलो आणि मी त्यांना एकेक जागा दाखवत नेलं. इथून त्यानं मारला. इथं चुकला. इथं दामू हसला. बाबा प्रत्येक जागी उभे राहायचे, पायाखाली बघायचे, मग पुढे. आठव्यापर्यंत दाखवलं. मग मी म्हटलं, "आणि मग आम्ही निघालो." नवव्याचं मी सांगितलं नाही.

स्थापनेच्या सकाळी चाळीच्या अंगणात पताका, ताशे, रांगोळ्या. फळ्यावर भगवं कापड टाकलेलं. बाबांनी कापड ओढलं. टाळ्या झाल्या. मग ते लोकांकडे तोंड करून उभे राहिले. आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कधीच कळायचं नाही. त्या दिवशी तो रस्त्याच्या पलीकडे गेला असेल.

"ह्या फळ्यावरचं पहिलं नाव चुकलंय," बाबा म्हणाले. "माझा वसंत मोर्चात नव्हता. तो खेळून घरी येत होता. पोरीनं मला खोटं सांगितलं असं कुणी म्हणू नका. मी तिला विचारलंच असं, की तिला दुसरं काही सांगता येऊ नये. नाव काढा."

गुरव मास्तर बाबांचा हात धरून काहीतरी म्हणत होते. तेवढ्यात तळमजल्यावरच्या सरूआत्या पुढे आल्या. त्यांचा भाऊ त्याच दिवसांत पायात गोळी लागून अधू झाला होता. "खेळून येत होता म्हणून त्याला काय खेळातली गोळी लागली?" त्या म्हणाल्या. "राहू दे पोराचं नाव." अर्धी चाळ हो म्हणाली, अर्धी गप्प राहिली. दामू गर्दीच्या कडेला उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली, हो अशी.

बाबा ऐकेनात. शेवटी पेंटरनं त्या ओळीवरून पांढऱ्या रंगाचा एक हात मारला. एकच हात, तोही पातळ. पुढे कित्येक वर्षं, फळा उतरवेपर्यंत, संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की पांढऱ्याखालून वसंत वाचता यायचं. मी तिकडून जाताना चालण्याचा वेग वाढवायची.

त्या संध्याकाळी चाळीत रोषणाई होती. बाबा गॅलरीच्या टोकाला खुर्ची टाकून पाठमोरे बसले होते. मी आत येऊन आईच्या समोर बसले. ती सुपात उकडे तांदूळ निवडत होती. एवढ्या सगळ्यात आई एक अक्षर बोलली नव्हती. सकाळी अंगणात ती खांबाला टेकून उभी होती, नंतर सरळ वर येऊन चुलीशी बसली. मला वाटलं, आता ती मला कधीच क्षमा करणार नाही. चार वर्षं तिनं हुतात्म्याच्या फोटोला हार घातला होता.

वर न बघता तिनं विचारलं, "त्या दिसाक तो बरो खेळललो काय गो?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. चार वर्षांत दादाच्या त्या दिवसाबद्दल मला पुष्कळांनी विचारलं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले. पहिल्या होलला त्याचा बॉल कसा झेंड्याला लागून उडाला. तिसऱ्याला त्यानं दामूला पैजेवर हरवलं. पाचव्याला माझा बॉल चिखलात गेला, तर पॅंट गुडघ्यापर्यंत वर करून तो स्वतः उतरला. आई तांदूळ निवडत ऐकत होती. बाहेर ताशे वाजत होते म्हणून मला मोठ्यानं सांगावं लागत होतं. आठवा झाला. मी थांबले.

"आई, आठव्यानंतर दादानं काठ्या गोळा केल्या होत्या. गडबड ऐकू येत होती. दामू निघू या म्हणाला. मीच म्हटलं, एक राहिलाय. तेव्हाच निघालो असतो तर."

आईचा हात सुपात थांबला. तांदळात तिला एक खडा सापडला होता. तो तिनं दोन बोटांत धरला, बघितला आणि दाराबाहेर टाकला.

"मगे," ती म्हणाली, "तो एक कसो खेळलो?"

"चार फटक्यांत," मी म्हटलं. "त्या होलला त्याला नेहमी सहा लागायचे."